गुरुवारची फर्माईश

ग्लेनिस ट्रेवीनला पोर्ट हॅलममध्ये चेहऱ्याने ओळखणारी माणसं थोडी होती. पण भाजीच्या दुकानात तिने नुसतं "अर्धा किलो टोमॅटो" म्हटलं, तरी रांगेतली चारदोन माणसं वळून बघायची. "अगंबाई, तू होय! मला वाटलं होतं तू उंच असशील," असं तिला इतक्यांनी ऐकवलं होतं, की आपण खरंच बुटक्या आहोत याची तिला खंत वाटेनाशी झाली होती.

गावच्या रेडिओवर दुपारी तीन ते चार हा तास तिचा होता. बावीस वर्षं. लोकांनी फोन करावा, गाणं मागावं आणि तिने ते लावावं, इतका साधा कार्यक्रम. स्टुडिओच्या मागे एक खोली होती. तिच्या चारही भिंती छतापर्यंत रेकॉर्डींनी भरलेल्या. फोन ठेवला की ग्लेनिस आधीचं गाणं संपायच्या आत त्या खोलीत जाऊन, शिडीवर चढून, हवी ती रेकॉर्ड काढून आणायची. नाही मिळाली तर तसं सरळ सांगायची, "मंडळी, ही आपल्याकडे नाही. कुणाकडे असली तर आणून द्या." आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ती आणून द्यायचं. लोकरीच्या गोदामातले कामगार, धान्याचे ट्रक चालवणारे, एकटीने दुकान सांभाळणाऱ्या बाया, सगळ्यांची आवड तिला पाठ झाली होती.

मग सिडनीच्या एका कंपनीने स्टेशन विकत घेतलं. त्या कंपनीची देशभर अशी कितीतरी स्टेशनं होती. सुरुवातीला फक्त दारावरची पाटी बदलली. मग ॲडलेडहून एक माणूस आला, त्याने कॉम्प्युटर बसवले आणि जाताना मागची खोली रिकामी करायला सांगून गेला. रेकॉर्डी कचऱ्याच्या मोठ्या पेटीत पडताना पाहून ग्लेनिसने हाताला लागल्या तेवढ्या गाडीच्या डिकीत भरल्या. बाकीच्या गेल्या. त्या खोलीत आता कंपनीचे कापडी फलक आणि गार पाण्याचं यंत्र होतं.

त्या दिवसापासून गाणी सिडनीहून ठरून येऊ लागली. सगळी मिळून तीनशे असतील. तीच तीनशे इथे, तीच हजार मैलांवरच्या खाणीच्या गावात, तीच क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावर. तासभर ऐकलं की पुढचं गाणं कुठलं ते गाडीतलं शेंबडं पोरही सांगायचं.

फर्माईशीचा कार्यक्रम मात्र कंपनीने ठेवला. लोकांना तो आवडतो, असं त्यांना कुठल्याशा पाहणीत कळलं होतं. फक्त त्याची रीत बदलली. आता लोकांनी सकाळी फोन करायचा. ग्लेनिसने बोलणं रेकॉर्ड करायचं. दुपारी कुठली गाणी लागणार ते तिच्या समोरच्या पडद्यावर आधीच आलेलं असे. माणसाने त्यातलंच एखादं मागितलं तर उत्तम. दुसरं मागितलं, तर त्याला गोडीगुलाबीने वळवून यादीतल्या गाण्याचं नाव त्याच्या तोंडून काढून घ्यायचं. सगळ्याच्या शेवटी, गाणं कुठलंही असो, "वा, काय सुंदर निवड!" असं ग्लेनिसने म्हणायचं. हे वाक्य सिडनीने ठरवून दिलं होतं. बारा वाजेपर्यंत हे सगळं तिकडे पाठवायचं आणि तीन वाजता ते आत्ता घडतंय अशा थाटात गावाला ऐकू येई.

ग्लेनिसला पहिल्या आठवड्यात लाज वाटली. दुसऱ्या आठवड्यात थोडी कमी वाटली. बहुतेकांना आपलं नाव रेडिओवर आलं म्हणजे पुरे असायचं. ते हसून म्हणायचे, "बरं, तू म्हणतेस ते लाव."

इलमा पास्कोची गोष्ट वेगळी होती.

इलमा ऐंशीची. तिचा नवरा हेडली त्र्याऐंशीचा. शेतांवरून गहू उचलून धक्क्यावरच्या कोठारांत आणून टाकायचा, हे काम हेडलीने चाळीस वर्षं केलं होतं. त्या चाळीस वर्षांत ट्रकच्या केबिनमध्ये त्याला सोबत होती ती रेडिओची. आता तो इस्पितळाच्या मागच्या अंगाला, म्हाताऱ्यांच्या विभागात होता. इलमाला तो ओळखत नव्हता. मुलालाही नाही. पण तीन वाजता रेडिओवर ग्लेनिस बोलू लागली की त्याची मान आवाजाकडे वळायची.

दर गुरुवारी इलमा त्याच्यासाठी एकच गाणं मागायची. 'वळणापलीकडे घर'. डडली मार्श नावाच्या इथल्याच एका गवयाचं. त्याने आयुष्यात दोन रेकॉर्डी काढल्या आणि पुढे लोखंडी सामानाचं दुकान थाटलं. तरुणपणी हेडली आणि इलमा गावच्या हॉलमध्ये त्या गाण्यावर नाचले होते. गाणं लागलं की हेडलीचा डावा हात मांडीशेजारी गिअर टाकल्यासारखा हलायचा. मग तो निमूट चहा प्यायचा, खायचा, अंग पुसू द्यायचा. एरवी या प्रत्येक गोष्टीला हाणामारी व्हायची. नर्सा गुरुवारची त्याची आंघोळ मुद्दाम गाण्यानंतर ठेवायच्या.

नवी रीत सुरू झाल्यावरच्या पहिल्या गुरुवारी इलमाने सांगितल्याप्रमाणे सकाळी फोन केला.

"हेडलीसाठी गं. नेहमीचंच."

ग्लेनिसने पडद्याकडे पाहिलं. तीन वाजताच्या पहिल्या फर्माईशीचं बोलणं अजून भरायचं होतं आणि त्या जागी लंडनच्या कुठल्याशा पोरीचं एक नाचाचं गाणं आधीच ठरलेलं होतं.

"इलमा, आज जरा वेगळं मागाल का?"

"वेगळं म्हणजे?"

"एक नवीन गाणं आहे. 'रात्रभर जागी'. नुसतं नाव घ्यायचं. म्हणायचं, हेडलीसाठी हे लावा."

"ती कोण गं? मला नाही माहीत ती."

"मलाही नाही माहीत. पण ते लागणार आहे आज."

"पण हेडलीला ते नको आहे."

"मला कल्पना आहे."

"मग मी ते कशाला मागू?" इलमाने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

ग्लेनिसने पडद्यावरची यादी वरखाली सरकवून पाहिली. मग ती म्हणाली, "तुमचं गाणं आता आमच्याकडे लावता येत नाही, इलमा. सिडनीहून येतात गाणी. पण तुम्ही हे मागितलंत तर निदान हेडलीचं नाव येईल. तुमचा आवाज येईल. त्याला बरं वाटेल."

दुसऱ्याला अडचणीत टाकू नये, अशा वळणात वाढलेली बाई इलमा. ती म्हणाली, "बरं बाई. तुझी नोकरी आहे. सांग काय म्हणायचं ते."

पहिल्या दोन वेळा इलमाने गाण्याचं नाव चुकीचं घेतलं. तिसऱ्यांदा नीट आलं. "वा, काय सुंदर निवड!" ग्लेनिस म्हणाली, आणि बटण बंद करून कपाळाला हात लावून बसली.

शुक्रवारी सकाळी इलमाचा पुन्हा फोन. तक्रार करायला नव्हेच.

"तुला सांगायचं होतं, त्याने नाव ऐकलं हं. 'हेडली' म्हटल्यावर तो हसला. पण मग ती पोरगी ओरडायला लागली आणि तो वाटच बघत राहिला. त्याला वाटलं, हिचं झालं की आपलं लागेल. अंधार पडेपर्यंत बसला होता गं. चहा दोनदा गरम केला त्या बिचाऱ्या नर्सने. शेवटी त्याने कप उडवला." मग जरा घुटमळून तिने विचारलं, "पुढच्या गुरुवारी लावशील का?"

"लावते," ग्लेनिस म्हणाली.

असं का म्हटलं ते तिचं तिलाच कळलं नाही. शब्द तोंडातून निघून गेला होता.

ती आधी वेनकडे गेली. वेन लिबेल्ट स्टेशनचा मॅनेजर होता. खरं तर तो टायरवाले, खाटीक, ट्रॅक्टरवाले यांच्या जाहिराती गोळा करायचा आणि शनिवारी फुटबॉलच्या संघाला शिकवायचा. मनाने चांगला. हेडलीच्या ट्रकमध्ये बसून तो लहानपणी शाळेत गेला होता.

"एकच गाणं, वेन. तीन मिनिटांचं."

"ग्लेन, मला सांगून काय उपयोग? मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही."

"कळायला कशाला हवं? सिडनीला विचार."

वेनने दार लोटून घेतलं. "विचारलं, तर ते काय म्हणतील माहितेय? तिथे अजून माणूस बसलाय का, असं म्हणतील. त्यांना तुझी आठवण करून द्यायला मला भीती वाटते. खरं सांगतो. किनाऱ्यावरची दोन स्टेशनं त्यांनी मागच्या वर्षी रिकामी केली. दिवा चालू, आत कुणी नाही."

"मग मी विचारते."

"विचार. पण हसून विचार."

सिडनीला गाणी ठरवणारा माणूस पडद्यावर आला. कीरन ऑल्डस. तिशीतला, दाढीवाला, मऊ बोलणारा. पाठीमागे भिंतीवर गिटार टांगलेली. ग्लेनिसने हसून विचारलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.

"फार सुंदर गोष्ट आहे ही," तो म्हणाला. "पण ग्लेनिस, गाणी मी ठरवत नाही. लोकांना आम्ही प्रत्येक गाण्याचे सात सेकंद ऐकवतो. त्यांना आवडलं तर गाणं राहतं. नाही तर जातं."

"मग याचेही ऐकवा."

"कुणाला ऐकवू? त्या गाण्याची कुणाला ओळखच नाही."

"इथे आहे. या गावात आहे."

"एका गावाची चाचणी नाही करत आम्ही."

"बरं, ज्यांना ऐकवता त्यांची वयं काय?"

"पंचवीस ते चोपन्न."

"मी सत्तावन्न आहे, कीरन."

तो हसला. मग हसू आवरून खाली बघू लागला.

"ऑस्ट्रेलियन गाणी लावायची असा नियम आहे ना आपल्याला?" ग्लेनिसने शेवटचं म्हणून काढलं. "हा तर अगदी इथला. नियमात बसेल."

"नियम आमचा पुरा होतो."

"त्याच त्या पंधरा गाण्यांनी."

"पुरा होतो," तो पुन्हा म्हणाला. मग थोडं पुढे वाकून, कुणी ऐकत नाही ना असं बघून, "माझा स्वतःचा बँड आहे. नऊ वर्षं वाजवतोय. आमचं एकही गाणं मला माझ्या स्टेशनांवर लावता आलेलं नाही. सात सेकंदांत आम्ही नापास झालो. मी तुला काय सांगू?"

त्याच्यावर चिडायचं म्हणून आलेली ग्लेनिस "काळजी घे रे" म्हणून उठली.

इलमाला दिलेला शब्द मात्र तसाच होता. ग्लेनिसने घरच्या रेकॉर्डी उपसल्या. डडली मार्शची रेकॉर्ड त्यांत होती. नशीबच म्हणायचं. वाचनालयातल्या यंत्रावर तिने ते गाणं सीडीवर उतरवून घेतलं. बुधवारी ते कॉम्प्युटरमध्ये घातलं आणि गुरुवारच्या यादीत लंडनच्या पोरीला काढून तिथे बसवलं. इलमाला फोन करून म्हणाली, "उद्या लागणार. हेडलीला सांगून ठेवा."

गुरुवारी दुपारी बारानंतर तिने सहज पाहिलं, तर गाणं नव्हतं. जागेवर पुन्हा ती पोरगी. खाली एक ओळ होती, की परवानगीशिवाय केलेला बदल आपोआप दुरुस्त करण्यात आला आहे.

कुणाला राग येतो तेव्हा तो भांडतो. ग्लेनिसला भांडायला समोर कुणी नव्हतं. ती तीन वाजायची वाट बघत बसली. तीनला पाच कमी असताना ती जुन्या स्टुडिओत शिरली. तो आता क्वचितच कुणी उघडायचं. तिने माइकवरचं कापड काढलं, खटके वर केले. आवाज मोजणारे काटे हलले. सीडी घातली. लाल दिवा लागला तेव्हा तिच्या अंगावर शहारा आला. किती दिवसांनी!

"नमस्कार पोर्ट हॅलम, मी ग्लेनिस. आज जे बोलतेय ते आत्ता बोलतेय, सकाळी बोलून ठेवलेलं नाही. इस्पितळात माझे एक मित्र बसलेत. हेडली पास्को. हेडली, इलमाने तुमच्यासाठी गाणं मागितलंय, आणि ते मी लावतेय. 'वळणापलीकडे घर'."

गाणं सुरू झालं. गिटारीच्या त्या पहिल्या सुरांबरोबर तिचे डोळे भरून आले. ती खुर्चीला टेकून ऐकत राहिली. अर्धं गाणं झालं असेल, तेवढ्यात दार उघडून वेन आत आला. ग्लेनिस म्हणाली, "ओरडायचं ते नंतर ओरड. संपू दे एवढं."

वेन ओरडला नाही. तो तिच्या शेजारच्या स्टुलावर बसला.

"ग्लेन, हे बाहेर जात नाहीये."

"काय?"

"जुलैत ते लोक आले होते ना तारा बघायला. मनोऱ्यावर आता थेट सिडनीहून येतं. हा स्टुडिओ कशालाच जोडलेला नाही. मी तुला सांगणार होतो."

त्याने उघडं ठेवलेल्या दारातून बाहेरच्या बोळातल्या स्पीकरचा आवाज आत येत होता. त्यावर ग्लेनिस बोलत होती. हसत होती. आजच्या जागेसाठी लंडनच्या गाण्याचं नाव घेणारं बोलणं मिळालं नाही म्हणून यंत्राने मागच्याच गुरुवारचं उचलून लावलं होतं. इलमा गाण्याचं नाव घेत होती, तिसऱ्यांदा नीट आलेलं. "वा, काय सुंदर निवड!" बोळातली ग्लेनिस म्हणाली.

डडली मार्श इकडे गातच होता. वेनने गाणं संपेपर्यंत डोकं खाली घालून ऐकलं. मग म्हणाला, "चांगलं आहे गं गाणं." आणि उठून गेला.

संध्याकाळी ग्लेनिसने इलमाला फोन केला. काय सांगावं ते जुळवत होती, पण इलमाच म्हणाली, "असू दे. तू धडपडलीस ना. मी मुलाने आणलेल्या टेपवर लावून पाहिलंय याआधी. तो ऐकतच नाही. त्याला वाटतं टेप म्हणजे कुणीतरी शेजारी आवाज करतंय. आधी तू बोलायला हवीस. तू त्याचं नाव घेतलंस की मग ते गाणं त्याचं."

"मग मी येते ना," ग्लेनिस म्हणाली. "मी तिथे येऊन बोलते. तोंडानेच. मी बोलते आणि गाणं लावते."

इलमाला ते फार आवडलं. "तू येशील? खरंच? मी खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक करून आणते."

पुढच्या गुरुवारी ग्लेनिसने सकाळचं काम नेहमीसारखं केलं. इलमाचं नवं बोलणं पाठवलं नसतं, तर तीन वाजताच्या जागेवर यंत्राने पुन्हा जुनंच लावलं असतं आणि वेनला सिडनीहून फोन आला असता. म्हणून इलमाने पुन्हा एकदा 'रात्रभर जागी' मागितलं. आता तिला ते नाव पाठ झालं होतं. दोघी त्यावर थोड्या हसल्याही.

इस्पितळाच्या त्या बैठकीच्या खोलीत ऊन आलं होतं. खिडकीत रेडिओ. चारपाच म्हातारी माणसं खुर्च्यांत. इलमाने हेडलीचे केस ओले करून विंचरले होते, त्याला इस्त्रीचा सदरा घातला होता. ग्लेनिसने रेडिओ बंद केला, त्याच्या शेजारी खुर्ची ओढली आणि सीडीचं यंत्र मांडीवर घेतलं. तिला भीती वाटत होती. हजारो माणसांशी बोलताना ती कधी घाबरली नव्हती.

"नमस्कार पोर्ट हॅलम," ती म्हणाली, आपल्या रेडिओच्या आवाजात. "मी ग्लेनिस."

हेडलीने मान वळवली. तिच्याकडे नाही, खिडकीकडे. बंद रेडिओकडे बघून तो हसला. इलमाने ग्लेनिसचा दंड घट्ट धरला.

"आजचं गाणं हेडली पास्को यांच्यासाठी आहे. त्यांच्या बायकोकडून, इलमाकडून." तिने बटण दाबलं. गिटार वाजू लागली. हेडलीचा डावा हात मांडीवरून खाली घसरला, मूठ अर्धवट वळली. 

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. "माझा रेडिओ कुणी बंद केला?" मिसेस याएन्श म्हणून एक आजीबाई होत्या, त्या काठी आपटत होत्या. "तीन वाजून गेले! माझा रेडिओ कुणी बंद केला?"

"थोडा वेळ फक्त," इलमा गयावया करत म्हणाली. "एकच गाणं आहे."

"काय दादागिरी आहे ही! रेडिओ सगळ्यांचा आहे!"

त्या उठू लागल्या, तोल जाऊ लागला. पडतील या भीतीने नर्स धावत आली आणि तिने वाद नको म्हणून रेडिओ लावून टाकला.

रेडिओवर ग्लेनिस होती. सकाळची, आनंदी, खळखळून हसणारी. "आणि आता फोनवर कोण आहे बघू या. अरे, ही तर आपली इलमा!"

हेडलीचा सगळा चेहरा उजळला. तो खुर्चीत पुढे सरकला. त्याच्या कानाशी सीडीवर डडली मार्श गात होता, तेच गाणं, त्याचंच. हेडलीने त्या यंत्रावर माशी हाकलावी तसा हात मारला.

"हेडली," ग्लेनिस घाईने त्याच्या कानाशी म्हणाली, "हेडली, हे तुमचं गाणं. ऐका ना. मी ग्लेनिस आहे."

तो तिच्याकडे वळला. पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. एक अनोळखी, बुटकी बाई. "गप्प बसा की हो बाई जरा," तो म्हणाला. "ग्लेनिस बोलतेय."

तिने स्वतःच यंत्र बंद केलं.

"हेडलीसाठी," रेडिओतून इलमा म्हणाली. आपलं नाव ऐकून तो समाधानाने हसला. "वा, काय सुंदर निवड!" आणि मग लंडनची पोरगी सुरू झाली. हेडली ऐकत राहिला, शहाण्या पोरासारखा. ते संपलं. वेनच्या टायरवाल्याची जाहिरात लागली, मग बियाण्यांची. हेडली आपल्या शेजारी बसलेल्या बायकोकडे वळून, परक्या बाईला सांगावं तसं अदबीने म्हणाला, "आता माझं लागेल. जरा थांबा, छान गाणं आहे."

"हो," इलमा म्हणाली. "थांबते ना."

ग्लेनिसने पुन्हा एकदा यंत्राच्या बटणावर बोट ठेवलं. पण ते दाबायची हिंमत तिला झाली नाही. नर्सने चहा आणला. हेडलीने तो बाजूला सारला. गाणं अजून व्हायचं होतं.

बाहेर गाड्यांपाशी इलमाने लॅमिंग्टनचा डबा ग्लेनिसच्या हातात कोंबला. "वाईट वाटून नको घेऊ गं," ती म्हणाली. "रेडिओवर मात्र छान बोललीस हं तू."

त्यानंतर ग्लेनिसने इलमाकडून ते नाव वदवून घेतलं नाही. "यापुढे नको," असं तिने वेनला सांगून टाकलं. वेनने वाद घातला नाही. त्याची गरजही पडली नाही. एका गावाचं बोलणं कमी पडलं की यंत्र दुसऱ्या गावचं घ्यायचं. पोर्ट हॅलमच्या फर्माईशीत व्हिक्टोरिया राज्यातली कोणी बाई आपल्या भाच्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा देऊ लागली. त्या भाच्याला पोर्ट हॅलममध्ये कुणी ओळखत नव्हतं. कुणी तक्रारही केली नाही. ग्लेनिसला दुकानात एक बाई म्हणाली, "परवा छान झाला हं कार्यक्रम." ग्लेनिस "थँक्यू" म्हणाली.

नोव्हेंबरात, कापणीच्या ऐन धामधुमीत, फर्माईश बंद झाली. तीन ते चार आता गोल्ड कोस्टहून एक मुलगा आणि एक मुलगी बोलणार होते. एकमेकांना चिडवणार होते, सगळ्या गावांसाठी एकदमच. वेनने केक आणला. तो केक कापतच राहिला, सहा जणांसाठी वीस तुकडे होईपर्यंत. ग्लेनिसने विचारलं, "श्रोत्यांचा निरोप घेऊ का? एक मिनिट. रेकॉर्ड करून देते, तुम्ही बघा, मग लावा."

वेनने सिडनीला विचारलं. उत्तर आलं, की श्रोत्यांना बदल जाणवू नये असं धोरण आहे.

म्हणून ग्लेनिस निरोप न घेता घरी आली. पहिल्या दिवशी तीन वाजता तिने रेडिओ लावला, मुलामुलीचं थोडं ऐकलं. वाईट नव्हती ती दोघं. तिने रेडिओ बंद केला आणि परसातले टोमॅटो बांधायला गेली.

गुरुवारी घरचा फोन वाजला. तीनला काही मिनिटं कमी होती. इलमा होती, इस्पितळातूनच बोलत होती.

"सकाळपासून लावतेय तुमचा नंबर. एक पोरगा रेकॉर्ड केलेला लागतो, गोल्ड कोस्टचा. काहीतरी जिंका म्हणतो. तू कुठे आहेस?"

ग्लेनिसने सांगितलं. पलीकडे खोलीतला रेडिओ चालू होता.

"मग मी त्याला काय सांगू?" इलमाने विचारलं. "केस विंचरून बसलाय."

ग्लेनिसने बाहेर पाहिलं. खिडकीतून गव्हाचे ट्रक धक्क्याकडे जाताना दिसत होते, एकामागे एक, धूळ उडवत. "सांगा," ती म्हणाली, "की ग्लेनिस रजेवर आहे."

"थांब हं." इलमाने फोन बाजूला ठेवला. तिचं बोलणं अस्पष्ट ऐकू आलं, मग हेडलीचा जाड, संथ आवाज. ती परत आली. "तो म्हणतो, मिळू दे बिचारीला रजा. रोज बोलते. पुढच्या गुरुवारी येईल ना, असं विचारतोय. मी हो म्हटलं. बरोबर केलं ना?"

"बरोबर केलंत."

"पुढच्या गुरुवारी त्याला हे आठवणार नाही. तेव्हाही हेच सांगू?"

"हो. हेच सांगा."

"मला खोटं बोलायची सवय नाही गं," इलमा म्हणाली. पाठीमागून कुणीतरी तिला हाक मारली, कप पडल्याचा आवाज आला. "आले, आले. ग्लेनिस, ठेवते हं. तो चहा घेत नाहीये."